‘बाराच तर व्होल्ट आहेत!’: जास्त करंटच्या कॉम्प्युटर सप्लायला कनेक्टर निवडताना

‘बाराच तर व्होल्ट आहेत, त्याने काय होतंय?’ हे वाक्य मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही काउंटरवर ऐकायला मिळतं, आणि शॉकपुरतं बोलायचं तर ते खरंही आहे. १२ व्होल्टच्या उघड्या पिनेला कोरडा हात लागला तर काही कळतसुद्धा नाही. पण जळण्याचं गणित व्होल्टवर चालत नाही, करंटवर चालतं. ३६० वॅटचा लोड २३० व्होल्टवर साधारण १.६ अँपिअर घेतो, तोच १२ व्होल्टवर ३० अँपिअर. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्यामुळे १० मिलिओहमचा ढिला जोड मेन्सच्या, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या, वायरीत असला तर तिथे वॅटचा जेमतेम चाळिसावा हिस्सा उष्णता होते, आणि तसाच जोड १२ व्होल्टच्या बाजूला असला तर ९ वॅट. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये ९ वॅट कोंडून राहिले की ते प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वितळतं.

यात घरातली एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, कामाला येत नाही. जोड जळत असताना करंट वाढलेला नसतो, लोड घेतो तेवढाच वाहत असतो. फक्त त्यातली थोडी शक्ती चुकीच्या ठिकाणी खर्च होत असते. मेन्सच्या बाजूने पाहिलं तर अजूनही १.६ अँपिअरच. एमसीबी शांत, सप्लायमधलं ओव्हरलोड संरक्षणही शांत. म्हणून कनेक्टर निवडणं आणि तो नीट बसवणं हेच इथलं खरं संरक्षण आहे. पुढचं सगळं त्याबद्दल आहे: जुन्या पार्टमधून घरचा सर्व्हर बांधणाऱ्यांसाठी, मोठं ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांसाठी आणि एकाच १२ व्होल्टच्या एसएमपीएसवर (मेन्सवरून १२ व्होल्ट देणाऱ्या सप्लायवर) मिनी पीसी, राउटर, हार्ड डिस्क असं सगळं चालवू पाहणाऱ्यांसाठी.

पहिलं काम: करंटचा आकडा काढा

दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा की या जोडातून जास्तीत जास्त किती अँपिअर जाणार. वॅट भागिले व्होल्ट, एवढंच. पण ‘जास्तीत जास्त’ म्हणजे सुरू होतानाचा आकडा. साडेतीन इंची हार्ड डिस्क चालू असताना १२ व्होल्टवर अर्धा-पाऊण अँपिअर घेते, पण तबकडी फिरायला लागते तेव्हा तीच दोन अँपिअरच्या आसपास मागते. सहा डिस्कचा स्टोरेज बॉक्स एकदम सुरू झाला की काही सेकंद बारा अँपिअर.

या आकड्यावर मार्जिन ठेवा. माझा हिशेब असा की सतत वाहणारा करंट कनेक्टरच्या रेटिंगच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. हे कुणाला जास्तच सावध वाटेल, पण आपल्या हवेत याला कारण आहे. बहुतेक पॉवर कनेक्टरचं रेटिंग ‘एवढा करंट वाहिला तर संपर्क आजूबाजूच्या हवेपेक्षा ३० अंशांनी तापेल’ या हिशेबाने दिलेलं असतं. मे महिन्यात मुंबईत खोलीत ३४ अंश, बंद कॅबिनेटच्या आत सहज ४५. त्यात ३० मिळवले की ७५. साध्या पीव्हीसी वायरीचं इन्सुलेशन ७० अंशांपर्यंतचं असतं. म्हणजे पूर्ण रेटिंगवर चालवलेला कनेक्टर स्वतः टिकला तरी वायर मर्यादेबाहेर गेलेली असते.

दुसरं: कनेक्टरवरचा आकडा वाचायला शिका

ड्रोनवाल्यांमुळे सगळीकडे पोचलेला पिवळा एक्सटी ६० घ्या. नावात साठ आहे म्हणून लोक साठ अँपिअर धरतात. अमास कंपनीच्या मूळ कनेक्टरचं सततचं रेटिंग ३० अँपिअर आहे. ६० हा थोड्या वेळापुरता आकडा. एक्सटी ३० तसाच १५ अँपिअरचा आणि एक्सटी ९० हा ४५ अँपिअरचा. म्हणजे ३० अँपिअरच्या एसएमपीएसला एक्सटी ६० काठावर बसतो. तिथे सरळ एक्सटी ९० लावा, किंमतीत फार फरक पडत नाही.

अँडरसन पॉवरपोल हा हॅम (हौशी) रेडिओवाल्यांचा लाडका प्रकार. त्यात नर-मादी भेद नाही, कुठलंही टोक कुठल्याही टोकाला बसतं. मात्र १५, ३० आणि ४५ अँपिअरचे धातूचे संपर्क एकाच मापाच्या प्लास्टिकमध्ये बसतात, त्यामुळे बाहेरून पाहून आत कोणता आहे ते सांगता येत नाही. घेताना संपर्क हातात घेऊन बघा.

गोल डीसी जॅक, म्हणजे ५.५ मिलिमीटरचा, आतली पिन २.१ किंवा २.५ ची. साधा जॅक पाच अँपिअरपर्यंतचा समजा. २.५ च्या छिद्राचा प्लग २.१ च्या पिनेवर बसतो, चालतोही, आणि म्हणूनच घात करतो: संपर्क एका बाजूला टेकलेला असतो, हलवलं की मिनी पीसी रिस्टार्ट होतो, आणि महिन्याभरात प्लगचं टोक काळं पडतं.

आता कॅबिनेटच्या आतले. डिस्कला वीज देणाऱ्या साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टला तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. त्यावरून ग्राफिक्स कार्डाला आठ पिनी वीज देणारे अडॅप्टर मिळतात. आठ पिनी कनेक्टर १५० वॅट मागू शकतो. ५४ मधून १५० काढणारा हा तुकडा फुकट मिळाला तरी घेऊ नका. जुन्या चार पिनी मोलेक्सवरून साटा करणारी केबल घ्यावीच लागली, तर ज्यात प्रत्येक वायर वेगळी दिसते आणि मागचं झाकण उघडतं ती घ्या. सगळ्या वायरी एका सलग ओतलेल्या काळ्या प्लास्टिकमध्ये गेलेली घेऊ नका, कारण ओतताना आतल्या वायरी सरकून एकमेकींच्या जवळ येतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनी पीसीआयई कनेक्टर चांगला का टिकला, याचं उत्तर मार्जिनमध्ये आहे. १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, ते १२ व्होल्टच्या तीन पिनांवर, म्हणजे पिनेमागे ४.२. त्या जातीची पिन याच्या जवळजवळ दुप्पट झेपवते. २०२२ मध्ये नवीन सोळा पिनी कनेक्टर आला, १२व्हीएचपीडब्ल्यूआर. त्यातून ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर, १२ व्होल्टच्या सहा बारक्या पिनांवर. पिनेमागे ८.३ अँपिअर, आणि पिनेचं रेटिंग ९.५. त्या वर्षी एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हीडियाने जगभरातली साधारण पन्नास प्रकरणं आपल्याकडे आल्याचं सांगितलं आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण दिलं. २०२३ मध्ये सुधारित १२व्ही-२×६ आला. त्यात छोट्या सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला पूर्ण वीज घ्यायची परवानगीच मिळू नये.

पण ‘पूर्ण बसवला नाही’ एवढ्यावर विषय मिटत नाही. सहा पिना समांतर असल्या म्हणून करंट सहा सारख्या वाट्यांत जात नाही. ज्या पिनेचा रोध कमी, तिच्यातून जास्त. लिफ्ट नसलेल्या इमारतीत सहा जण कपाट चढवत असताना दोघांनी हात सैल सोडला की वजन उरलेल्या चौघांवर येतं, तसंच इथे. दोन पिना थोड्या ढिल्या झाल्या तर उरलेल्या चार पिनांवर प्रत्येकी साडेबारा अँपिअर, रेटिंगच्या बाहेर. बाहेरून कार्ड मस्त चाललेलं असतं, गेम अडकत नाही, आणि केबलच्या एका कोपऱ्यात प्लास्टिक मऊ होत असतं.

म्हणून सोळा पिनी कनेक्टर वापरणाऱ्यांनी एवढं पाळावं. लॅचचा ‘टक्’ ऐकल्यावर टॉर्च मारून बघा, प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये. केबल कनेक्टरपाशीच वाकवू नका, तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्या. लहान कॅबिनेटमध्ये काचेचा दरवाजा केबलला दाबत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी नाही. आणि हा कनेक्टर सतत काढू-घालू नका. त्याची क्षमता साधारण तीस वेळा काढण्या-घालण्याची धरलेली आहे.

केबल बसते म्हणजे चालते असं नाही

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण यात कनेक्टर नाही, अख्खा कॉम्प्युटर जातो.

प्रोसेसरचा आठ पिनी ईपीएस आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनी पीसीआयई दिसायला भाऊ-भाऊ आहेत, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू एकमेकांच्या उलट आहेत. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते त्यासाठीच. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीची केबल हातात आहे.

दुसरं, मॉड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे केबली सुट्या काढता येणाऱ्या सप्लायच्या केबली. सप्लायच्या बाजूला कुठली पिन कुठे, याचं सर्व कंपन्यांना लागू असं काही प्रमाण नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला आरामात बसते आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट देते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. जुना सप्लाय विकत घेताना ‘केबल नहीं है, पर ये वाली लग जाएगी’ असं कोणी म्हणालं तर मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासल्याशिवाय काहीही जोडू नका.

वायर: दीडची, अडीचची, चारची

कॉम्प्युटरच्या जगात वायरीचं माप एडब्ल्यूजी या अमेरिकन मापात सांगतात, मुंबईत वायरीचा बाजार असलेल्या लोहार चाळीत स्क्वेअर एमएममध्ये (दीडची, अडीचची म्हणतात ते हेच). १८ एडब्ल्यूजी म्हणजे पाऊणपेक्षा किंचित जाड (०.८२), १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे २, १२ म्हणजे ३.३. एडब्ल्यूजीचा आकडा कमी तितकी वायर जाड.

दीडच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम. एक मीटर लांब सप्लाय म्हणजे जाताना एक आणि येताना एक, दोन मीटर वायर. १५ अँपिअर वाहिले की ०.३६ व्होल्ट वायरीतच गेले. १२ व्होल्टला पाच टक्के, म्हणजे ०.६ व्होल्ट इकडेतिकडे चालतात, त्यातला निम्म्याहून जास्त भाग एका मीटरने खाल्ला. तेव्हा मीटरभर अंतराला दहा अँपिअरपर्यंत दीडची, वीसपर्यंत अडीचची, तीसला चारची, असं मी धरतो. अंतर वाढलं की एक माप वर जा. शक्य असेल तर सप्लायच जवळ आणा, ते सगळ्यात स्वस्त पडतं.

५ व्होल्टवर हे आणखी बोचतं. रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला ५ व्होल्टवर ५ अँपिअरचा सप्लाय सुचवलेला आहे, आणि व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो तक्रार करतो. त्याला लांब, बारीक केबल लावून ‘अडॅप्टर खराब आहे’ म्हणणारे पुष्कळ असतात. टाइप-सी केबलमधून तीनपेक्षा जास्त अँपिअर हवे असतील तर केबलमध्ये ओळखीची चिप असलेली, ५ अँपिअरची म्हणून विकली जाणारी केबलच लागते.

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढुरकी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट आणि क्रिम्पखाली (दाबून बसवलेल्या टोकाखाली) ते हळूहळू दबत जातं, जोड ढिला होतो. गुंडाळी हातात घेतली तरी वजनावरून कळतं. दुकानदाराला खरवडायचं विचारलं तर चांगला दुकानदार स्वतःच ब्लेड काढून देतो.

काउंटरवर काय बघायचं

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटांत पोचता येतं. कनेक्टर, क्रिम्पच्या पिना, मल्टिमीटर तिथे. वायर आणि थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) लोहार चाळीत. फ्यूज होल्डर आणि ब्लेड फ्यूज गाड्यांच्या स्पेअरपार्टवाल्यांकडे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे.

एक्सटीचे नकली कनेक्टर भरपूर आहेत. अस्सलवर कंपनीचं नाव साच्यातच उठवलेलं असतं, प्लस-मायनसच्या खुणा स्पष्ट असतात. पण माझा भरवसा जोडून बघण्यावर. नर आणि मादी एकमेकांत घाला: सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, घट्ट विरोध जाणवला पाहिजे. निम्म्यावर एकदम सैल पडला किंवा जोडल्यावर डुगडुगला तर ठेवून द्या. सोल्डर करताना प्लास्टिक मऊ पडून पिन तिरकी झाली तर तो कनेक्टर टाकून द्या.

सोनेरी मुलाम्याची पिन आणि कथिलाच्या मुलाम्याचं सॉकेट अशी जोडी करू नका. दोन वेगळ्या धातूंच्या घर्षणातून बारीक काळी भुकटी तयार होते आणि रोध वाढत जातो. दोन्ही बाजू एकाच जातीच्या घ्या, जमल्यास एकाच कंपनीच्या.

अडॅप्टर विकत घेत असाल तर त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. काउंटरवर उभ्या-उभ्या होणारं काम आहे, लाजू नका.

जोड बांधणं

एक्सटीला सोल्डर करताना नर-मादी एकमेकांत घालून ठेवा, म्हणजे गरम झालेली पिन जागेवरून हलत नाही. २५ वॅटच्या आयर्नने अडीचची वायर नीट तापत नाही, वरून सोल्डर चिकटल्यासारखा दिसतो आणि आत कोरडा राहतो. ५०-६० वॅटचा, जाड टोकाचा वापरा. वायर आणि कप (पिनेचा मागचा पोकळ भाग) दोन्हींवर आधी सोल्डरचा थर चढवून घ्या, मग एकत्र करा. शेवटी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी.

एक नियम कायम: वीज देणाऱ्या बाजूला मादी. सप्लायच्या बाजूला उघड्या पिना राहिल्या तर टेबलावरचा पेचकस त्यांना शॉर्ट करतो, आणि ३० अँपिअरच्या शॉर्टच्या ठिणग्या गंमत म्हणून बघण्यासारख्या नसतात. आणि १२ व १९ व्होल्टला घरात एकाच जातीचा कनेक्टर लावू नका. आज तुमच्या लक्षात आहे, सहा महिन्यांनी रात्री कोणीतरी दुसरं जोडेल.

जाळीच्या पत्र्याच्या एसएमपीएसला स्क्रू टर्मिनल असतात. इथे सर्रास होणारी गोष्ट म्हणजे वायरीच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबणं. दिसायला सुबक दिसतं, पण सोल्डर मऊ असतो, दाबाखाली तो सरकत राहतो आणि काही आठवड्यांत स्क्रू ढिला. त्याऐवजी वायरीला मापाचं थिंबल क्रिम्प करा. पक्कड दाबून नव्हे, क्रिम्पिंग टूलने. क्रिम्प झाल्यावर जोराने ओढा. सुटायचं असेल तर आत्ताच सुटू दे. असल्या सप्लायला प्लसचे तीन आणि मायनसचे तीन स्क्रू असतात. सगळा लोड एकाच स्क्रूवर न टाकता वाटून द्या. त्याच पट्टीवर २३० व्होल्टचे स्क्रूही असतात, तेव्हा वरचं झाकण लावल्याशिवाय मेन्स चालू करायचं नाही, आणि मेन्सची बाजू हाताळायची सवय नसेल तर ते काम इलेक्ट्रिशियनला द्या.

फ्यूज सप्लायजवळ, प्लसच्या वायरीत. आकडा वायरीप्रमाणे निवडा: वायर आणि कनेक्टर दोघांमध्ये जो कमजोर, त्याच्या खाली. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. मात्र सुरुवातीला सांगितलेलं लक्षात असू दे, फ्यूज शॉर्टपासून वाचवतो, ढिल्या जोडापासून नाही.

तपासणी, म्हणजे निम्मं काम

खऱ्या कॉम्प्युटरआधी गाडीच्या ५५ वॅटच्या हेडलॅम्पच्या बल्बवर चाचणी करा. एक बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, तीन समांतर लावले की चौदा. बल्ब लादीवर ठेवा, काचेला हात लावू नका, आणि एकेक करून जोडा, कारण थंड तंतू क्षणभर खूप करंट ओढतो आणि सप्लाय ट्रिप होतो.

आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक जोडाच्या अलीकडच्या धातूला, दुसरं पलीकडच्या. १४ अँपिअर वाहत असताना चांगल्या एक्सटी ६० वर, सोल्डरसकट, १५-२० मिलिव्होल्टच्या आत आकडा यायला हवा. ७० आला तर त्या जोडाचा रोध ५ मिलिओहम, उष्णता एक वॅट. जोड पुन्हा करा. प्लस आणि मायनस दोन्ही बाजू मोजा. लोक मायनस विसरतात, करंट मात्र दोन्हीकडून तेवढाच जातो.

क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी करंट मोजणारा आहे का ते विचारून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. कोविडच्या वेळचा कपाळाचा थर्मामीटरही इथे उपयोगाचा नाही, बहुतेकांची रेंज शरीराच्या तापमानापुरतीच असते. अर्ध्या तासाने कनेक्टरला बोट लावा. पाच सेकंद धरवत नसेल तर काहीतरी चुकलंय.

पावसाळ्यानंतर एकदा, आणि वर्सोवा, वरळी, माहीम अशा समुद्राला लागून राहत असाल तर पावसाळ्याआधीही, सगळे जोड उघडून बघा. खारी हवा तांब्यावर हिरवा थर आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश पुरे. पॉलिश पेपर घासलात तर मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतं.

कुठे प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर दोन्ही बाजू बदला. तापलेल्या सॉकेटची स्प्रिंग गेलेली असते, त्यात नवीन प्लग घातला की तोही तसाच जळतो. वायर मागे कापत जा, आतलं तांबं काळं न राहता चकचकीत दिसेपर्यंत. एवढं कापल्यावर वायर तोकडी पडली तर मध्ये तुकडा जोडू नका, अख्खी वायर नवीन टाका.